जादाचं पोतं

निळी ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर आठ जणांच्या आठ सॅका ओळीनं मांडलेल्या, आणि ईश्वरी गुंजाळ आपली सॅक तिसऱ्यांदा उपसत होती. काटे नव्हते!

म्हणजे बघा, बाकी बरंच काही होतं. ढगासारखं फुगणारं, पिसं भरलेलं डाऊन जॅकेट होतं. बर्फात रोवायची कुऱ्हाड होती. कोपरापर्यंत येणारे जाडजूड हातमोजे होते, काळाकुट्ट गॉगल होता. पण क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे ते पोलादी काटे, ज्यांच्याशिवाय उभ्या बर्फावर पाऊल ठरतच नाही, ते नव्हते. आणि या मोहिमेत एक गोष्ट सगळ्यांना आधीपासून ठाऊक असायची. ज्याच्या सॅकमध्ये काटे, तो शिखरावर जाणार. ज्याच्यात नाहीत, तो कॅम्प दोनवर बसून बाकीच्यांची वाट बघणार. तोंडानं कुणी काही सांगायचं नाही. सॅकच सांगायची.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अगं ईशू, हे बघ माझ्यात काय निघालं! नांगराचे फाळ का काय हे?"

सारिकाताईच्या हातात मेथीची जुडी धरावी तसे काटे लोंबत होते. बारा-बारा दातांचे, कोरे करकरीत.

ईश्वरीचा विश्वासच बसेना.

कारण सारिकाताई म्हणजे कोण? ईश्वरीची थोरली जाऊ. वय त्रेचाळीस. संगमनेरातल्या एकाच घरात दोघी दोन भावांच्या बायका. ईश्वरी अठ्ठावीसची, मॅरेथॉन पळणारी, गावात पोरांना कृत्रिम भिंतीवर चढायला शिकवणारी. चार वर्षं झटत होती ती या एका शिखरासाठी. तिला गिर्यारोहण प्रशिक्षकाचा कोर्स करायचा होता आणि प्रवेशाची अट अशी, की सहा हजार मीटरच्या वरचं एक शिखर नावावर पाहिजे. अर्जाची मुदत याच महिन्याअखेर. आणि सारिकाताई? डॉक्टर म्हणाले साखर काठावर आलीय, चाला जरा, म्हणून ती पहाटे ईश्वरीबरोबर टेकडीवर यायला लागली. मग चालता चालता एक दिवस म्हणाली, "मीपण नाव देऊ का गं?" घरात हसून हसून मुरकुंडी वळली. सासूबाई म्हणाल्या, "दोघी गेल्यावर भाकऱ्या कोण थापणार?" सारिकाताईनं शांतपणे सांगितलं, "तुमचे दोन लेक."

आणि आता तिच्या सॅकमध्ये काटे!

"नेगीजी!" ईश्वरी जवळजवळ ओरडलीच. "यंत्र चुकलंय तुमचं."

जयपाल नेगी, मोहिमेचे गाईड, त्या वेळी नाशिकच्या कुलथेकाकांच्या सॅकमधून एक डबा बाहेर काढत होते. पंचावन्नच्या पुढचा माणूस, उन्हानं चेहरा अक्रोडासारखा झालेला. वीस वर्षं महाराष्ट्रातल्या पार्ट्या नेऊन नेऊन चांगलं मराठी शिकलेला.

"काका, चिवडा आहे ना हा?"

"औषध आहे," कुलथेकाका म्हणाले. एकसष्ट वर्षांचे सराफ, पण चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला.

"आठशे पन्नास ग्राम औषध," नेगी म्हणाले आणि हातातली यादी दाखवली. "ठेवा, ठेवा. यादीत लिहिलंच आहे. लपवलेला चिवडा, आठशे पन्नास. जोशीबुवांनी वजन आधीच धरलंय."

ताडपत्रीभर हशा पिकला. ईश्वरी सोडून.

तर हे जोशीबुवा म्हणजे त्या यंत्राचं नाव. नाव अर्थात मराठी लोकांनीच पाडलेलं, कारण यंत्र पत्रिका मांडल्यासारखं भविष्य सांगायचं. पायथ्याच्या या गावात, मोहिमा नेणाऱ्या कंपनीच्या खोलीत कपाटाएवढं उभं होतं ते. आणि त्यानं काय केलं होतं हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं शेजारीशेजारी टांगली, तर काही वेळानं दोन्हींचे लंबक एका लयीत बांधले जातात. कुणी हात लावलेला नसतो. भिंत थरथरते, इतकी बारीक की माणसाच्या हाताला कळत नाही, पण घड्याळाला कळते. माणसांचंही तसंच! दोन माणसं बराच वेळ बरोबर चालली की त्यांची पावलं आपोआप जुळतात. हे जुनंच ज्ञान. नवा शोध लागला तो असा, की उंचावर, जिथं हवेतला प्राणवायू निम्म्यावर येतो, तिथं ही ओढ भलतीच वाढते. दमलेलं शरीर स्वतःची लय स्वतः सांभाळू शकत नाही, मग ते शेजारच्याची लय उसनी घेतं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, पावलांची ओढ. आणि त्यांच्या लक्षात आलं, की डोंगरावर आठ माणसं चढत नसतात, सोळा पायांचा एकच प्राणी चढत असतो! त्यातला कुठला पाय कधी थकेल, तो थांबला की आणखी कोण थांबेल, हे आधी मोजता आलं तर?

जोशीबुवा तेच मोजायचे. मोहिमेच्या चाळीस दिवस आधी कंपनी प्रत्येकाला बूट पाठवायची. तळव्यात संवेदक, आणि कानामागे डकवायची एक टिकली, श्वास मोजणारी. टिकली जे मोजायची ते बुटाकडे पाठवायची, बूट सगळं साठवून ठेवायचा. चाळीस दिवस घालून चाला. मग यंत्र सगळ्यांच्या सॅका ग्रॅमच्या हिशोबानं भरायचं. कुणाला किती कपडे, कुणाकडे दोर, कुणाकडे स्टोव्ह. पायातले शंभर ग्रॅम म्हणजे पाठीवरचे पाचशे, त्यामुळे जो वर जाणारच नाही त्याला काट्यांचं ओझं कशाला? दोन हंगामांत दोनशे बारा माणसं गेली होती. जोशीबुवा तीनदा चुकले होते. फक्त तीनदा!

म्हणून तर ईश्वरी हट्टाला पेटली.

"दुसरे काटे द्या मला," ती म्हणाली. "भाड्यानं आणते."

"कुठून?" नेगींनी खाली रस्त्याकडे बोट केलं. "ते दुकान होतं भाड्याचं. आता तिथं मोमो मिळतात. सीमेजवळचा भाग, सामान पोचवणाऱ्या ड्रोनला परवानगी नाही. शहर दोन दिवस दूर." मग म्हणाले, "माझ्या वडलांच्या वेळेपासून एक पोतं बरोबर असायचं. जादाचं पोतं. जादा काटे, जादा मोजे, जादा चष्मा. चौदा किलो. कुणाचं काय हरवेल, कुणाचं काय तुटेल, काय सांगावं? जोशीबुवांनी पहिल्याच वर्षी यादीतून उडवलं. बरोबरच आहे ना! जादा कशासाठी ठेवतो आपण? पुढं काय होणार ते माहीत नसतं म्हणून. त्यांना माहीत असतं."

सारिकाताई उठली आणि तिनं काटे ईश्वरीच्या मांडीवर ठेवले. "घे बाई. एवढं तोंड पाडायला काय झालं? मी बसते खाली काकांचा चिवडा खात."

"तसं नसतं ताई! शिखराला नुसते काटे पुरत नाहीत. हार्नेस लागतो, दोराला बांधून घ्यायचा पट्टा. डाऊनची पँट लागते..."

"हे काय, हे आहे की माझ्यात. पट्टा आहे, पँट आहे. जॅकेट तेवढं नाही दिलं मेल्यांनी. आणि हातमोजेपण नाहीत."

ईश्वरीनं मान वर केली. तिच्याकडे जॅकेट होतं. पँट नव्हती. हातमोजे होते, हार्नेस नव्हता. कुऱ्हाड होती, काटे नव्हते. तिनं झटकन दोन्ही सॅका ताडपत्रीवर पालथ्या केल्या आणि एकेक वस्तू माणूस आडवा झोपलाय अशी मांडत गेली. वर गॉगल, खाली जॅकेट, बाजूंना हातमोजे, मध्ये हार्नेस, मग पँट, आणि तळाशी काटे.

ताडपत्रीवर एक आख्खा गिर्यारोहक पडलेला होता. एकच! दोन सॅका मिळून बरोब्बर एक.

कुलथेकाकांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. नेगी गुडघ्यावर बसले. त्यांनी दोघींच्या बुटांचे तळवे उलटून नंबर पाहिले, यादी पाहिली, परत बूट पाहिले.

"दीदी, हे बूट कुणाचे?"

"आमचे," सारिकाताई म्हणाली.

"आमचे म्हणजे? तुमचे की यांचे?"

"आमच्या घरचे हो! दोघींचा नंबर पाचच. दाराशी असतात दोन जोड. पहाटे अंधारात कोण बघत बसतंय, जो पायाला लागेल तो घालायचा." आणि मग तिचं तिलाच काहीतरी सुचलं. "का हो? नव्हता घालायचा?"

ईश्वरीनं कपाळावर हात मारून घेतला. चाळीस दिवस! चाळीस दिवस दोघींनी एकमेकींचे बूट घातले होते. टेकडीवर, दर रविवारी पेमगिरीच्या गडावर, एकदा तर सारिकाताई तेच बूट घालून दळण आणायला गेली होती. चपला, छत्र्या, स्वेटर, त्या घरात कशावरच कुणाचं नाव नसायचं. बुटांवर तरी कुठून असणार?

नेगी दोघींना यंत्राच्या खोलीत घेऊन गेले. पडद्यावर दोन रेषा आल्या, एक निळी, एक नारिंगी. दोन जोड बुटांच्या चाळीस दिवसांच्या चाली. नेगींनी त्या एकमेकींवर सरकवल्या, आणि ईश्वरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. रेषा एकच झाली होती. कुठं निळी कुठं नारिंगी, काही कळेना.

"पण असं कसं? माझा वेग आणि ताईचा वेग..."

"नुसते बूट बदलले असते तर यंत्राच्या लक्षात आलं असतं," नेगी हळू आवाजात म्हणाले. "दोन माणसांची चाल वेगळी असते. तुमची वेगळी नाहीये. तुम्ही दोघी एकमेकींना इतक्या बांधल्या गेल्यात, की जोशीबुवांना वाटलं एकच माणूस आहे. दोन जोड बूट असलेला."

"आणि तो माणूस शिखरावर जातो?"

"जातो. सत्त्याण्णव टक्के."

"मग एकेकटीचं विचारा ना."

नेगींनी टाईप केलं. फक्त ईश्वरी. पडदा थोडा वेळ रिकामाच राहिला. मग उमटलं: सांगता येत नाही. फक्त सारिका. पुन्हा तसंच. सांगता येत नाही.

नेगी पडद्याकडे बघतच राहिले. दोन हंगाम रोज या यंत्रासमोर उभं राहून त्यांनी लोकांची नशिबं वाचली होती. हे तीन शब्द त्यांनी कधीच पाहिले नव्हते. आणि काय सांगू, त्या माणसाच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. देवळाचा बंद गाभारा अचानक उघडावा तसं काहीतरी होतं.

"दोन वर्षांत पहिल्यांदा," ते पुटपुटले, "वर कोण जाणार, मला माहीत नाही."

*

चालायला लागल्यावर चौथ्या दिवशी सगळे कॅम्प दोनला पोहोचले. पाच हजार दीडशे मीटर. समोर चांगरू शिखर, सहा हजार दहा मीटर. पांढरं म्हणजे किती पांढरं असावं! आणि त्याच्यामागचं आभाळ निळं नव्हतंच, जवळजवळ काळं होतं, दिवसाढवळ्या! सारिकाताई एवढंच म्हणाली, "आपल्याकडचं आभाळ मग पाणी घातलेलं म्हणायचं."

हवामानाचा अंदाज आला होता. परवाचा एक दिवस स्वच्छ. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर बर्फ. म्हणजे संधी एकच, आणि दोघींत मिळून एकच सामान.

चार दिवस दोघींचं एकच चाललं होतं. "तू जा." "नाही, तू जा." पण ईश्वरीचं "तू जा" नुसतं तोंडदेखलं होतं, आणि तिला ते माहीत होतं. रात्री झोपताना ती मनातल्या मनात काटे बांधायची. सारिकाताईचं मात्र खरं होतं. निदान ईश्वरीला तसंच वाटत होतं.

नेगींनी तोडगा काढला. "उद्या सरावाचा दिवस. या बर्फाच्या उतारावर दोघी एकेकट्या चढा. शंभर पावलं. मी बघतो. मग तुम्ही ठरवा."

आधी ईश्वरी. काटे बांधले, जॅकेट चढवलं, कुऱ्हाड घेतली आणि निघाली. कर्र, कर्र, कर्र. अहाहा! काटे बर्फात असे घुसत होते जणू डोंगर तिला आत ओढून घेतोय. दहा, वीस, चाळीस. आणि साठाव्या पावलाला काय झालं कुणास ठाऊक, तिचा श्वास विसकटला. पाय पुढं पडेना. ती थांबली आणि तिनं मागं वळून बघितलं.

खाली सारिकाताई ठिपक्याएवढी उभी होती.

तिला बघितल्यावर श्वास परत लयीत आला. ईश्वरीनं शंभर पूर्ण केली, पण आणखी दोनदा मागं बघून. खाली आली तेव्हा तिचं तिलाच कळलं होतं. आजवर ती सगळ्यांना सांगत आली होती, "ताईसाठी मला हळू चालावं लागतं."

मग सारिकाताई. तेच काटे, तेच जॅकेट. सुरुवातीलाच पाय अडखळला, "अगं बाई" म्हणाली, आणि निघाली. तिची ती बाजारहाटाची चाल, पिशवी या हातातून त्या हातात घेत जावं तशी. वीस. पन्नास. ऐंशी. शंभर झाली तरी थांबेना! नेगींनी हाक मारली. एकशे चाळीसाव्या पावलाला तिला ऐकू गेली. एकदाही तिनं मागं बघितलं नव्हतं.

खाली आली तेव्हा गाल लालबुंद झाले होते आणि डोळे असे, की ईश्वरीनं सहा वर्षांत ते तसे पाहिले नव्हते.

"ईशू, वर काहीच नाहीये गं," ती धापा टाकत म्हणाली. "घर नाही, कुकर नाही, कुणाची हाक नाही. मी म्हटलं, आणखी थोडं जाऊन बघू. आणखी थोडं." मग एकदम भानावर आली. खाली बसून काट्यांचे पट्टे सोडायला लागली. "घे. बघितलं मी. आता तू जा उद्या. तुझा तो कोर्स आहे."

तिचे हात पट्टे सोडत होते, पण अंगठा एका दातावरून हळूच फिरत होता. लग्नात दुसऱ्याचा दागिना हातात घेऊन बघावा ना, तसा.

ईश्वरीनं तो अंगठा बघितला.

खोटं कशाला सांगा, तिला सोपं नाही गेलं. चार वर्षं होती ती! अर्ज होता, गावातली पोरं होती, जी तिला विचारणार होती, मॅडम, वर काय होतं? तिनं खाली वाकून सारिकाताईचे हात बाजूला केले आणि सोडलेला पट्टा पुन्हा घट्ट बांधला.

"ताई, मला मागं बघावं लागतं," ती म्हणाली. "तुला नाही लागत. तू जा."

"वेडी का तू? घरी काय सांगू?"

"सांग, जो पायाला लागला तो घातला."

*

पहाटे पाच जण नेगींबरोबर निघाले, त्यांतला एक दुसरा गाईड. सारिकाताईच्या खिशात एक वॉकीटॉकी, ईश्वरीकडे दुसरा. कॅम्पवर ईश्वरी आणि कुलथेकाका. काकांच्या डोळ्याला दुर्बीण. "चाळीस वर्षं भिंगातून हिरे बघितलेत," ते म्हणाले, "तुझी जाऊ काय सुटते माझ्या नजरेतून?"

ऊन शिखराला लागलं आणि आख्खा डोंगर वितळल्या सोन्यासारखा पेटला. कड्यावर सहा ठिपके होते. शेवटून दुसरा सारिकाताई. ईश्वरीला तिची चाल एवढ्या लांबूनही ओळखू येत होती. आणि अशी गंमत, की तिला जळफळाट व्हायला हवा होता, पण होत होतं भलतंच. ऊर भरून येत होता. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा जिनं तिला घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ओळखायला शिकवल्या, ती बाई आभाळाच्या काठावर चालत होती!

साडेनऊला ठिपका थांबला. बाकीचे तिघं दुसऱ्या गाईडच्या मागोमाग पुढं सरकले. नेगी आणि सारिकाताई जागच्या जागी.

वॉकीटॉकी खरखरला. "ईशू..." श्वासच जास्त, शब्द कमी. "नाही गं होत. पाय... कुठला कधी टाकायचा... कळेना झालंय."

"डोकं दुखतंय? उलटी?"

नेगींचा आवाज आला. "सगळं ठीक आहे, प्राणवायू ठीक आहे. फक्त लय गेलीय. माझ्या पावलांशी जुळत नाहीये. अर्धा तास बघतो, मग खाली आणतो."

ईश्वरी उभी राहिली. आणि तिला ते दिसलं. ताडपत्रीवर मांडलेला तो एक माणूस. अर्धा वर होता. अर्धा इथं!

"ताई, बोलू नकोस. मोजू नकोस. नुसतं ऐक."

तिनं वॉकीटॉकी बुटाच्या नाडीत खोचला, त्याच्या बटणावर दोरी आवळून ते दाबलेलंच ठेवलं, आणि तंबूभोवती चालायला लागली. कर्र. कर्र. कर्र. कुठल्या वेगानं चालायचं याचा तिनं विचारसुद्धा केला नाही. पायांनाच माहीत होतं. टेकडीच्या त्या वळणावर, जिथं सारिकाताई दर पहाटे पदर खोचायची आणि "चल गं" म्हणायची, तो वेग.

"हलली!" कुलथेकाका ओरडले. "हलली गं! एक पाऊल. दुसरं! अरे बाप रे, तुझ्याबरोबर टाकतेय!"

ईश्वरीनं वर बघितलं नाही. कर्र. कर्र.

आणि दहाच मिनिटांत ढग आला. खालच्या दरीतून उकळी येऊन वर चढला आणि शिखर, कडा, ठिपके, सगळं गिळून टाकलं. काकांनी दुर्बीण खाली घेतली. "काही दिसत नाही."

आता खरी परीक्षा. कारण वॉकीटॉकीचं बटण दाबलेलं असलं की फक्त आपला आवाज तिकडं जातो. तिकडचा ऐकू येत नाही. ऐकायचं तर बटण सोडायचं, आणि बटण सोडलं तर पावलं थांबणार. सारिकाताई चालतेय की बसलीय, तिला हे ऐकू तरी जातंय का, कळायला काही मार्ग नव्हता. नुसतं चालायचं.

ईश्वरी चालत राहिली. मळणीच्या बैलासारखी, त्याच गोलात. अर्धा तास. एक तास. बर्फ तुडवून तुडवून तंबूभोवती कडं झालं. कुलथेकाकांनी एकदा चहा पुढं केला, तिनं चालता चालता घोट घेतला. "बाळ, आता थांबून विचार तरी," ते म्हणाले. तिनं मान हलवली. दीड तास. ढग आता इथंही उतरला होता, तंबूसुद्धा नीट दिसेना. सगळ्या जगात एकच आवाज उरला. आणि त्या पांढऱ्या पोकळीत ईश्वरीला एक विलक्षण गोष्ट जाणवली. ती सपाटीवर चालत होती, पण तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. चढावर येतात तशा! श्वास लांब आणि पातळ झाला होता. एका पावलाला तिचा पाय सवयीपेक्षा उंच उचलला गेला, जणू समोर पायरी होती. मग तसाच पुन्हा. तिनं विरोध केला नाही. तिनं त्या न दिसणाऱ्या पायऱ्या चढल्या.

दोन तास दहा मिनिटांनी तिचे पाय थांबले.

तिनं थांबवले नव्हते. ते थांबले. तिनं घाईघाईनं वाकून दोरी सोडली, बटण सुटलं.

खरखर. वारा. नुसता वारा. मग सारिकाताईचा आवाज, एवढा जवळ की जणू शेजारच्या चुलीपाशी बसून बोलतेय.

"ईशू, का थांबलीस? आणखी वर जायला जागाच नाहीये म्हणून?"

कुलथेकाका चष्मा काढून रडत होते. ईश्वरी तिथंच बर्फात बसली. तिला हसू आवरत नव्हतं.

"ढगाच्या वर आहे मी," सारिकाताई सांगत होती. "खाली सगळं दूध सांडल्यासारखं पसरलंय. तू कुठं आहेस ते दिसत नाही. पण ऐक ना... मी एकदाही मागं नाही बघितलं. गरजच नाही पडली. तू शेजारीच चालत होतीस."

*

पायथ्याच्या गावात परतल्यावर नेगींनी दोघींचे बूट यंत्राला जोडले. निळी रेषा शिखरावरची, नारिंगी तंबूभोवतीची. एकमेकींवर ठेवल्या. दोन तास दहा मिनिटं, एकच रेष. जोशीबुवा चुकले नव्हते. एकच गिर्यारोहक होता, आणि तो शिखरावर गेला होता.

पण ईश्वरीच्या नावापुढं शिखर लागलं नाही ते नाहीच. अर्जाची मुदत तशीच निघून जाणार होती. "पुढच्या वर्षी तू वर," सारिकाताई म्हणाली, "मी खाली. गोल गोल फिरेन. साखरपण उतरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या तुकडीची यादी यंत्रातून बाहेर पडली. नेगी ती वाचता वाचता शेवटच्या ओळीशी थबकले. मग त्यांनी ती ईश्वरीच्या हातात दिली. तळाशी एक नवीन रकाना होता, जो दोन वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

जादा: काटे, एक जोड. हातमोजे, एक जोड. वॉकीटॉकी, एक.

"शिकले हो जोशीबुवा," नेगी म्हणाले. "माहीत नाही म्हणायला शिकले."

ते मागच्या खोलीत गेले आणि धुळीनं माखलेलं, उंदरांनी एका कोपऱ्यात कुरतडलेलं एक पोतं ओढत घेऊन आले. दारात झटकलं. शिसपेन्सिल कानावरून काढली. "कंपनीचा नियम आहे, प्रत्येक सामानावर नाव पाहिजे. याच्यावर कुणाचं लिहू?"

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं.

"कुणाचंच नको," सारिकाताई म्हणाली. "दाराशी ठेवा. ज्याला लागेल तो घालेल."